एक ना धड... भाराभर चिंध्या!

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण ज्याने कोणी काढली, त्याच्या घरात नक्की कोणीतरी शिवणकाम करत असणार. शिवणाऱ्या घराचं याहून परफेक्ट वर्णन होऊच शकत नाही!

आमच्याच घराचं बघा. ठाण्यातला वन बीएचके, दोघींत शेअर केलेला. या क्षणी त्यात काय काय अर्धवट आहे? आजीच्या जुन्या लुगड्यांची एक मोठी गोधडी (फक्त कापून झालीये). मामेबहिणीच्या बाळंतविड्यातली दोन दुपटी आणि चार झबली (एक झबलं तयार, बाकीची कागदावर). रूममेटची मांडीवर विरलेली जीन्स. माझे तीन कुर्ते, तिन्हींची कट जिथे सुरू होते तिथे उसवलेली. एका साडीचा फॉल. दोन कुशन कव्हर्स, ज्यांना चेन लावायची आहे. आणि बटण तुटलेला एक शर्ट. तो कुणाचा आहे हे आम्हा दोघींनाही आता आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, आधी एक संपव ना, मग दुसरं घे! हे वाक्य मला आजवर अनेकांनी ऐकवलंय. पण त्यातल्या एकानेही आयुष्यात कधी सुईत दोरा ओवलेला नसतो. ऑफिसात तरी तुम्ही एका वेळी एकच काम करता का? एक प्रेझेंटेशन बॉसकडे अडकलेलं, दुसऱ्याचा डेटा यायचाय, तिसऱ्याची डेडलाइन उद्या. शिवणाचंही सेम आहे. एकाला मॅचिंग रीळ मिळत नाही, दुसऱ्याला दिवसाचा उजेड लागतो, तिसऱ्याला जमिनीवर सात फूट मोकळी जागा. आणि वन बीएचकेत सात फूट मोकळी जागा म्हणजे लक्झरी, बॉस!

तेव्हा एका वेळी अनेक कामं चालणारच. ती चालवायची कशी, एवढाच काय तो प्रश्न.

काम मोजा, पण मिनिटांत

पहिला फंडा सिंपल आहे. कामांची यादी करताना 'गोधडी', 'जीन्स', 'फॉल' असं लिहू नका. प्रत्येकापुढे वेळ लिहा.

बटण लावणं पाच मिनिटांचं काम आहे. कुर्त्याच्या कटीला उलटसुलट टीप मारून पक्कं करणं दहा मिनिटांचं. साडीचा फॉल हाताने लावायचा तर दीड-दोन तास, म्हणजे एक अख्खा सिनेमा. कुशनची चेन म्हणजे मशीन काढा, दोरा बदला, चेन बसवा, मशीन आत ठेवा, असा तास जातो. पण दोन्ही कव्हर्स एकदम केली तर सव्वा तासात दोन होतात.

आता गोधडी. इथे जरा गणित करू या, कारण इथेच भल्याभल्यांची विकेट पडते. गोधडी पाच फूट बाय सात फूट धरा, म्हणजे ६० इंच बाय ८४ इंच. धावदोऱ्याच्या ओळी एकमेकींपासून एक इंचावर घेतल्या तर ८४ इंचांच्या साठ ओळी होतात. झाले ५,०४० इंच, म्हणजे साधारण १२८ मीटर शिवण! इंचाला चार टाके धरले तर वीस हजारांवर टाके. माझ्या हाताला एका ओळीला पंचवीस मिनिटं लागतात. साठ ओळींचे पंचवीस तास. रोज अर्धा तास दिला तर पन्नास दिवस. आजीच्या गावाकडच्या गोधड्यांत ओळी अर्ध्या इंचावर असतात, म्हणजे हे सगळे आकडे दुप्पट करा.

दुपटं मात्र छोटं. ३६ इंच बाय ३६ इंच धरलं तर तेरा-चौदा अर्धे तास, दोन दुपट्यांचे सत्तावीस. वर झबली. मामेबहिणीची डिलिव्हरी दोन महिन्यांवर. हाताशी साठ अर्धे तास, आणि काम ऐंशीच्या घरातलं.

हा हिशेब कागदावर मांडला की एक मस्त गोष्ट होते. 'मला वेळच मिळत नाही' ही भुणभुण बंद होते आणि समोर सरळ प्रश्न उभा राहतो, की यातलं आधी काय?

तीन पिशव्यांची सिस्टिम

यादी तयार झाली की तिची वाटणी करा. माझ्याकडे तीन कापडी पिशव्या आहेत.

पहिली लोकलची. हिच्यात फक्त हातात मावणारं आणि मध्येच टाकून उठता येणारं काम. बटणं, हुक, हातशिलाई, झबल्याचे बंद. आमच्या लेडीज डब्यात बायका भाजी निवडतात, क्रोशा विणतात, त्यात माझं झबलं कुणाला काय खटकणार? मात्र नियम एकच. खिडकीजवळ बसायला मिळालं तरच सुई बाहेर काढायची. दादरला उतरणारी गर्दी आणि उघडी सुई हे कॉम्बिनेशन कुणाच्याच भल्याचं नाही.

दुसरी पिशवी मशीनची. पायमशीन रूममेटच्या आईची, हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीचं टेबल म्हणून ड्युटी करणारी. ती मोकळी करायची म्हणजे टीव्ही हलवा, त्यामुळे तिचा दिवस फक्त शनिवार. इथे ट्रिक अशी, की कपड्यानुसार काम करायचं नाही, दोऱ्याच्या रंगानुसार करायचं. पांढरा दोरा ओवला की पांढऱ्याची सगळी कामं एका बैठकीत संपवायची, मग काळा, मग निळा. दर वेळी वरचा दोरा बदला, बॉबिन भरा, ताण बघा, यातच खरा वेळ जातो. टिपा मारायला काय, दोन मिनिटं! जाड सुईची कामंही एकदमच करायची. जीन्सला १६ नंबरची सुई लागते. तीच सुई मलमलीच्या झबल्यावर चालवली तर कापडाला भोकं पडतील. आणि रात्री दहानंतर मशीन बंद, कारण खालच्या मजल्यावर काकू राहतात आणि त्यांना आवाजाने झोप येत नाही.

बाय द वे, शिवणयंत्र आणि आपल्या पिढीचं एक जुनं नातं आहे. आयझॅक सिंगरने त्याच्या यंत्राचं पेटंट १८५१ मध्ये घेतलं. यंत्र इतकं महाग, की साध्या घरांना परवडेना. मग त्याच्या कंपनीने १८५० च्याच दशकात ते हप्त्यांवर विकायला सुरुवात केली. म्हणजे ईएमआयचा शोध काही मोबाइलवाल्यांनी लावलेला नाही!

तिसरी पिशवी जमिनीवरची. म्हणजे गोधडी. तिला जागा लागते, शांतता लागते आणि रविवारची सकाळ लागते.

फाटलं तर फाटलं? नो वे!

या तिन्ही पिशव्यांत सगळ्यात दुर्लक्षित कोण? तर दुरुस्ती. नवीन काही शिवलं की लोक 'वॉव' म्हणतात, फोटो काढतात. उसवलेला कुर्ता शिवला तर कोण विचारतंय? कुणालाच दिसू नये म्हणून तर तो शिवलेला असतो.

पण या अदृश्य कामाचेही उस्ताद आहेत. रफूगर कधी बघितलाय काम करताना? कोटाला खोंबारा बसला, की तो त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे काढतो आणि त्या धाग्यांनी आडवं-उभं विणून भोक भरतो. शिवत नाही, विणतो! उत्तर प्रदेशातलं नजीबाबाद हे गाव काश्मिरी शालींचं रफू करणाऱ्या कारागिरांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याला काही तितकं जमणार नाही. भारी कोट आणि सिल्कची साडी सरळ रफूवाल्याकडे न्या. मात्र रोजच्या कपड्यांना आपला हात पुरेसा आहे.

मांडीवर विरलेल्या जीन्सला आतून ठिगळ लावा. ठिगळ भोकापेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठं हवं, कारण भोकाच्या आजूबाजूचं कापडही दमलेलं असतं. जुन्या कापडाला करकरीत नवं ठिगळ लावू नका. नवं कापड धुतल्यावर आटतं आणि जुन्याला ओढून आणखी फाडतं. जुन्या जीन्सला दुसऱ्या जुन्या जीन्सचाच तुकडा बेस्ट. आणि ठिगळ दिसलं तर दिसू द्या ना! जपानी लोक निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालतात, त्याला 'साशिको' म्हणतात. उत्तर जपानच्या थंडीत गरीब शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठिगळं लावून वापरलेले कपडे आज 'बोरो' या नावाने म्युझियममध्ये मांडले जातात.

अर्थात आपल्याला जपानला जायची गरजच काय? विदर्भात जन्मलेले गाडगेबाबा (१८७६-१९५६) अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र घेऊन गावोगाव फिरले, म्हणून लोक त्यांना 'गोधडे महाराज' म्हणायचे. ठिगळाची लाज वाटायचं काहीच कारण नाही. ती आपल्याला मॉलने शिकवली.

जुन्याचं नवं

गोधडीची गंमत अशी, की ती कुणा एकाची नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने शिवतात, तो कांथा. त्याचे रंगीत दोरेसुद्धा पूर्वी जुन्या साड्यांच्या काठातून काढायचे. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायका शिवतात ती कवंदी. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. त्यातल्या कित्येकांचे पूर्वज पोर्तुगिजांच्या गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले होते. त्या कडेपासून शिवायला सुरुवात करतात आणि गोल गोल फिरत मधोमध येऊन थांबतात. चार कोपऱ्यांत दुमडलेल्या त्रिकोणी चिंध्यांची फुलं लावतात. फुलं नसतील तर कवंदी पूर्ण झाली असं मानत नाहीत. आणि आपल्याकडे कुठे गोधडी, कुठे वाकळ. टाका मात्र सगळीकडे तोच, धावदोरा. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकवतात ना, तोच!

आमची आजी साताऱ्याकडची. ती वाकळच म्हणते. तिने आपली सहा नऊवारी लुगडी मला दिली, तेव्हा एकेक उलगडून दाखवलं. हे तुझ्या आईच्या वेळचं. हे तुझ्या आजोबांनी पंढरपूरहून आणलेलं. हे नेसून मी भात लावलाय, म्हणून खालचा काठ गेलाय बघ. कापड इतकं मऊ, की हातातून पाण्यासारखं निसटतं. पण मऊ म्हणजेच विरलेलं. सुती कापड वर्षानुवर्षं घडीत ठेवलं, की घडीवरच फाटायला लागतं. म्हणजे 'नंतर करू' ही सोय इथे नाही. आणखी पाच वर्षांनी या लुगड्यांची गोधडी होणार नाही, लादी पुसायचं फडकं होईल.

म्हणून मी गोधडी आधी घ्यायची ठरवली होती. आजी ८४ वर्षांची आहे. तिच्या अंगावर ती घालायची, हा प्लॅन. पण मग मामेबहिणीची गोड बातमी आली, आणि तो साठ अर्ध्या तासांचा हिशेब समोर उभा राहिला. बाळाची दुपटी की आजीची गोधडी?

सरळ आजीलाच फोन लावला. म्हटलं, "आजी, तूच सांग, आधी काय घेऊ?"

ती म्हणाली, "प्वार काय थांबनार हाय व्हय? दुपटी कर आधी. मी थांबते की!"

आता 'मी थांबते' हे चौऱ्याऐंशीव्या वर्षी कुणी इतक्या सहज म्हटलं, की आपल्याला काय बोलावं सुचत नाही. कारण तेवढं एकच प्रॉमिस माणसाच्या हातात नसतं.

दहा सुया

मग मार्ग निघाला तो असा. आजी डोळे तपासायला पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे आली. सुईचं नेढं तिला आता दिसत नाही, पण हात अजून पक्का आहे. धावदोरा ती बोटांच्या अंदाजानेच घालते. म्हणजे अडतं कुठे? फक्त ओवण्यात! मग मी रोज सकाळी कामावर निघण्याआधी दहा सुया ओवून पिनकुशनला लावून ठेवायला लागले. एक दोरा संपला की दुसरी सुई. दोरा हातभरच घ्यायचा, त्याहून लांब घेतला की गुंता होतो. आणि मेणावरून फिरवून घ्यायचा, म्हणजे तो कापडावर घासून तुटत नाही. हे दोन्ही तिचेच नियम.

गोधडी अंथरण्याचं काम आधीच्या रविवारी तिघींनी मिळून केलं. खाट भिंतीला उभी केली, जमीन पुसली. खालचं लुगडं ताणून अंथरलं, मध्ये विरलेल्या लुगड्यांचे थर, वर चांगल्या तुकड्यांचा थर. मग वितीवितीवर लांब कच्चे टाके, म्हणजे शिवताना थर सरकत नाहीत. हे कच्चे टाके शेवटी उसवायचेच असतात. पण ते घातले नाहीत तर गोधडीला अशा चुण्या पडतात, की अंगाखाली टोचतात.

एकदा टाचली, की गोधडी गुंडाळून ठेवता येते आणि शिवायला जेवढी लागेल तेवढीच उलगडता येते. म्हणजे ते सात फूटही रोज लागत नाहीत. आजी दुपारी खिडकीपाशी बसून चार-पाच ओळी घालते. मी लोकलमध्ये झबल्यांचे बंद लावते आणि रात्री दुपट्याच्या ओळी घेते. रूममेट, जिला सुई धरता येत नव्हती, ती आता स्वतःच्या शर्टांची बटणं स्वतः लावते. कामं तेवढीच आहेत. हात वाढलेत.

आजीच्या ओळी अर्ध्या इंचावर आणि सरळ, माझ्या इंचावर आणि जराशा नागमोडी. म्हटलं, "आजी, तुझं-माझं वेगळं दिसतंय गं." तर म्हणाली, "दिसू दे की. कुनी कुठं शिवलं ते कळाय नगं व्हय?"

आणि हो, भाव करताना...

स्वतः पंचवीस तासांचं काम अंगावर घेतलं, की आणखी एक गोष्ट होते. दुसऱ्याच्या कामाची किंमत कळायला लागते.

प्रदर्शनात गोधडीच्या स्टॉलवर आपण काय करतो? हजार रुपये शिलाई सांगितली, की 'सातशेला द्या ना ताई' म्हणतो. तिचा हात माझ्या दुप्पट वेगाने चालतो असं धरा. तरी एका गोधडीला साडेबारा तास. हजार रुपये म्हणजे तासाला ८० रुपये, सातशे म्हणजे ५६. दोरा तिचा, पाठदुखी तिची. शिवाय घरचं सगळं उरकून उरलेल्या वेळात ती हे करते. आपण स्टॉलवरून निघून त्याहून महाग कॉफी प्यायला जातो.

दोनशे नव्याण्णवच्या टॉपचंही तेच. तो कुठल्यातरी बाईने कुठल्यातरी मशीनवर शिवलेलाच असतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. अकराशेहून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक तिथल्या कपड्यांच्या कारखान्यांत काम करणारी. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. शिवण उसवली म्हणून टॉप फेकून देताना ते एकदा आठवावं. दहा मिनिटांत तो पुन्हा घालण्यासारखा होतो.

झटपट टिप्स

• बटण लावताना कापड आणि बटण यांच्यामध्ये आगपेटीची काडी ठेवा. नंतर काडी काढून खालच्या दोऱ्याला चार वेढे द्या. बटणाला 'मान' मिळते आणि ते ओढलं जाऊन तुटत नाही.

• साडीचा फॉल आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावा. नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीला खाली चुण्या पडतात.

• बाळाच्या झबल्याला बटणं नकोत, बंद लावा. आणि कापड धुऊन मऊ झालेलं हवं.

• काम बंद करताना सुई कापडात खोचून ठेवू नका, पिनकुशनला लावा आणि मोजा. घरात बाळ येणार असेल तर दोनदा मोजा.

• प्रत्येक अर्धवट कामासोबत त्याचा दोरा, त्याची बटणं आणि 'पुढे काय करायचं' अशी चिठ्ठी एकाच पिशवीत ठेवा. तीन आठवड्यांनी उघडाल तेव्हा स्वतःलाच थँक्यू म्हणाल.

• कापड घ्यायला मंगळदास मार्केट झिंदाबाद. पण जाताना यादी घेऊन जा आणि यादीतलंच घ्या. नव्या कापडासोबत एक नवं काम घरात येतं!

• एका वेळी एक मोठं, एक छोटं आणि एक दुरुस्तीचं, एवढीच कामं उघडी ठेवा. चौथं उघडायचं तर तिघांपैकी एक बंद करा.

आमचा स्कोअर सध्या असा. एक दुपटं पूर्ण, दुसरं निम्मं. झबली तीन झाली. कुर्ते तिन्ही अंगावर परत आले. जीन्सचं ठिगळ लागलं, आणि ते पाहून ऑफिसात दोघींनी रूममेटला विचारलं, की कुठून घेतलीस? गोधडीच्या साठपैकी बावीस इंच शिवून झालेत. आजीचा मुक्काम आठवडाभराने वाढवला आहे, डॉक्टरांनी नाही, तिने स्वतःच! कुशन कव्हर्स तशीच आहेत आणि खुशाल राहू देत. चेन नसलेल्या कुशनवर आजवर कुणाची झोपमोड झालेली नाही.

तुमच्याही कपाटात तळाशी एक पिशवी असेलच. आईची साडी असेल, बाबांचा शर्ट असेल, कधीतरी करू म्हणून ठेवलेलं काहीतरी. या वीकेंडला ती बाहेर काढा. शिवायलाच बसा असं नाही. फक्त उघडा, पुढे मिनिटं लिहा आणि त्यातलं थांबू न शकणारं कुठलं आहे, तेवढं ठरवा. मग सुई ओवा. एक नाही, दहा.